पत्रे काढले तो शनिवार

आमच्या घरात भाषांची वाटणी झालेली होती. पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडण तमिळमध्ये, शाळेचा अभ्यास इंग्रजीत आणि देवाशी बोलणं मराठीत. मद्रासजवळच्या पेरुंगुडीतल्या त्या दोन खोल्यांत पहाटे साडेपाचला आत्याची प्रार्थना सुरू व्हायची, आणि ती मनातल्या मनात कधीच नसायची. सुवार्ताआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नगरकडच्या एका मिशन दवाखान्यात तिने तीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. लग्न केलं नव्हतं. मी सहा वर्षांची असताना माझी आई गेली, तेव्हा एक ट्रंक आणि ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन ती आमच्याकडे आली ती कायमची. वॉर्डाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या पेशंटला दटावायची सवय असलेला तो आवाज होता, आणि त्याच आवाजात ती प्रभूला हाक मारायची. मागणं कमी, आठवण करून देणं जास्त. ‘तू म्हणाला होतास ना, मग आता कर,’ असा तिचा सूर. मी पांघरुणात डोकं खुपसून झोपल्याचं सोंग करायची, कारण भिंतीपलीकडे घरमालकीण कावेरीबाई राहत होत्या आणि मला त्यांची लाज वाटायची.

कावेरीबाई तंजावरकडच्या मराठी. घरात देवघर, दारात रोज तांदळाच्या पिठाची रांगोळी. त्यांचं मराठी मला लहानपणी विनोदी वाटायचं. शब्द फार जुने आणि चाल पूर्ण तमिळ. आत्याची प्रार्थना संपली की भिंतीपलीकडून त्या विचारायच्या, “सिस्टरबाई, झालें काय तुमचें? आतां मी माझी पूजा करूं काय?” आत्या म्हणायची, “करा, करा, माझं झालं.” दोघींची ही रोजची पाळी होती आणि तिच्यावरून कधी तंटा झाला नाही. शुक्रवारी कावेरीबाईंकडून वाटीभर सुंडल, म्हणजे हरभऱ्याची कोरडी उसळ, यायची, रविवारी आमच्याकडून त्यांना शेंगदाण्याची चटणी जायची. मटण त्या खात नसत, पण येसूर घालून केलेल्या रश्श्याचा वास आला की खिडकीतून “काय घमघमतें हो!” म्हणायला चुकत नसत.

पप्पांचं नाव आनंदराव. जॉर्ज टाउनमधल्या एका बँकेच्या शाखेत ते क्लार्क होते. सकाळी साताची बस, संध्याकाळी सातला घरी. भित्रे होते असं म्हणताना आजही मला जड जातं, पण होते. रस्ता ओलांडताना ते दोन्ही बाजू पाहून पुन्हा एकदा पहिली बाजू पाहायचे. आत्या मात्र हात वर करून सरळ चालू लागायची आणि टँकर थांबायचे. ते तिला अक्का म्हणत. तमिळमध्येही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे ऐकणाऱ्यांना वाटे की या माणसाला चांगलं तमिळ येतं. खरं तर पप्पांचं तमिळ म्हणजे काउंटरवरचं तमिळ: इथे सही करा, उद्या या, सुट्टे नाहीत. लिपी तर त्यांना ओळखूही यायची नाही. बसवरची पाटी ते आकड्यावरून ओळखायचे. मी मात्र तिथल्याच शाळेत वाढले. घरात आलेलं तमिळ पत्र, लाइट बिल, लग्नाची पत्रिका, सगळं वाचायचं काम माझं.

आमची उपासना ज्या जागेत व्हायची ती आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होती. एक कडुलिंब, तीन बाजूंना विटांच्या भिंती, चौथ्या बाजूला झावळ्यांचा आडोसा आणि वर पत्रे. चर्च म्हणावं असं त्यात काही नव्हतं. तीस-पस्तीस माणसं यायची: धुणीभांडी करणाऱ्या बायका, बांधकामावरचे गवंडी, एक-दोन वॉचमन आणि आम्ही. पाळक होते सेल्वम. आठवडाभर सायकलींची पंक्चरं काढायचे आणि रविवारी धुतलेला पांढरा शर्ट घालून उपदेश करायचे. नखांतला काळा रंग मात्र रविवारीही जायचा नाही. जागा कन्नम्मा पाटीची होती. पाटी म्हणजे तमिळमध्ये आजी. इडल्या विकून जगलेली, मूलबाळ नसलेली म्हातारी. मरण्याआधी तिने ती जागा रीतसर कागद करून उपासनेसाठी दान दिली आणि त्या कागदावर विश्वस्त म्हणून तिघांची नावं घातली. पाळक सेल्वम, तिचा एक म्हातारा शेजारी आणि पप्पा. पप्पांचं नाव का, तर ते बँकेत आहेत, त्यांना कागदातलं कळतं. पप्पांना तेव्हा किती अभिमान वाटला होता! घरी येऊन आत्याला म्हणाले, “अक्का, मला विश्वस्त केलं.” आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, “म्हणजे तुझ्यावर विश्वास टाकला. सांभाळ.”

मग तो रस्ता रुंद झाला. महाबलीपुरमला जाणारा आमचा धुळकट रस्ता बघता बघता कंपन्यांचा रस्ता झाला. काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. दिवसभर कुठेतरी पायलिंगचं मशीन जमिनीत खांब ठोकत असायचं, धाड, धाड, आणि आमच्या मांडणीवरचे पेले त्या ठोक्यावर किणकिणायचे. रविवारीही ते थांबायचं नाही. पाळक प्रार्थना करताना दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत शब्द बसवायला शिकले. कन्नम्मा पाटीच्या जमिनीचा तो तुकडा, ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, तो अशा ठिकाणी होता की मागच्या मोठ्या प्लॉटला रस्ता मिळवायचा तर तो हवाच. आणि तो हवा होता धनशेखर नावाच्या माणसाला. जमिनींची दलाली करायचा. पांढरी गाडी, पांढरे कपडे, दोन मोबाइल. पाटीच्या कुठल्याशा दूरच्या पुतण्याला पुढे करून त्याने जागा विकत घेतल्याचा कागद केला होता, पण पाटीचं दान खोटं ठरवायला त्याला विश्वस्ताची सही हवी होती. तिसरा विश्वस्त, तो म्हातारा शेजारी, तोवर वारला होता. पाळकांनी धनशेखरला हात जोडून नाही सांगितलं. राहिले पप्पा.

पप्पांवर त्याने आवाज कधी चढवला नाही. संध्याकाळी बसस्टॉपवर भेटायचा, सर म्हणायचा, गाडीतून घरापर्यंत सोडायचा. एकदा सहज म्हणाला की बँकेतल्या वरच्या साहेबांशी त्याची ओळख आहे, बदल्या काय, आज इथे तर उद्या कुठे. दुसऱ्यांदा म्हणाला, “तुमची मुलगी ट्यूशनहून एकटीच येते, नाही? रस्ता आता पूर्वीसारखा राहिला नाही, सर.” त्या दिवशी पप्पा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ट्यूशनला मला न्यायला आत्या येऊ लागली. पप्पांनी तिला कारण सांगितलं नव्हतं, पण तिने ते काढून घेतलं असणार. हातात छत्री, पायात दवाखान्यातले ते पांढरे बूट. वाटेत ती मोठ्याने भजन म्हणत चालायची आणि मी चार पावलं मागे राहायची.

घरात मात्र वाद पेटला. पप्पा म्हणाले, “अक्का, सहा पत्रे आणि तीन भिंती. त्यासाठी पोरीचा जीव धोक्यात घालू? प्रार्थना काय, आपल्या घरात बसूनही होते. देव पत्रे सांभाळत बसतो का?”

“देव पत्रे सांभाळत नाही,” आत्या म्हणाली. “ज्यांना दुसरीकडे कुठे खुर्ची मिळत नाही, त्यांना सांभाळतो. ती मुनिअम्मा आठवडाभर दुसऱ्यांच्या फरश्या पुसते आणि रविवारी तिथे पुढच्या सतरंजीवर बसते. तिला काय सांगणार आहेस? की आनंदराव घाबरले?”

“आणि हरलो तर?”

“हरलो तर आपण हरू. तो हरत नसतो. आपण त्याच्या बाजूला उभं राहायचं, एवढंच आपल्या हातात.”

मी कोपऱ्यात भूगोलाचं पुस्तक उघडून बसले होते, आणि खरं सांगायचं तर माझं मन पप्पांच्या बाजूचं होतं. मला वाटत होतं, आत्याला काय जातं असं बोलायला.

त्यानंतर आठवड्याभरात पप्पा मला म्हणाले, “करुणा, शाळा सुटली की गिंडीला ये. एक कागद वाचायचा आहे. आत्याला सांगू नकोस.” गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथच्या कारखान्यावर पहिल्या मजल्यावर धनशेखरचं ऑफिस होतं. लोखंडी जिना, खालून येणारा लोखंड कापल्याचा करवतीसारखा आवाज आणि तेलाचा वास. मी दोन वेण्या, निळा स्कर्ट, पाठीला दप्तर अशी तिथे गेले. पप्पा खुर्चीच्या अगदी काठावर बसले होते. टेबलावर तीन कप कॉफी आणि एक टाइप केलेला तमिळ कागद. धनशेखर मला बघून हसला आणि लाडात येऊन तमिळमध्ये म्हणाला, “वाच, कण्णा. पप्पांना तुमच्या भाषेत समजावून सांग. साधी हरकत नसल्याची चिठ्ठी आहे. मोठे मोठे शब्द सोडून दे, एवढंच सांग की त्यांची हरकत नाही.”

मी कागद हातात घेतला. कोर्टाचं तमिळ होतं, लांबलचक वाक्यं, पण शाळेत आम्हाला याहून अवघड धडे होते. मी मनात एकदा वाचला. त्यात हरकतीबद्दल काहीच नव्हतं. त्यात लिहिलं होतं की मी आनंदराव अमुक अमुक असं शपथेवर सांगतो की कन्नम्मा हिने दिलेलं दान आम्ही विश्वस्तांनी कधी स्वीकारलं नाही, त्या जागेत कधीही उपासना झाली नाही, तिथे आमच्यापैकी कुणीही कधी जमलं नाही आणि ती जागा आजपर्यंत रिकामी पडून आहे. मी वर पाहिलं. धनशेखर फोनवर बोलत होता, पण डोळे माझ्यावर होते. त्याने भुवया उडवल्या. सांग की.

आज माझी मुलगी तेवढ्याच वयाची आहे. तिला मी हे सांगितलं तर ती म्हणते, “मग त्यात काय, खरं काय ते सांगायचं!” तिला वाटतं असं सोपं असतं. मला त्या खोलीत वाटत होतं की चिठ्ठी म्हणून सांगितलं तर आम्ही दहा मिनिटांत बसमध्ये असू, पप्पा रात्री जेवतील आणि ट्यूशनहून येताना मला कुणाच्या छत्रीची गरज पडणार नाही. माझी जीभ तिकडे वळलीच होती. पण त्या कागदात ‘कुणीही कधी जमलं नाही’ असं होतं, आणि त्या वाक्यापाशी मी थांबले. माझा बाप्तिस्मा तिथे झाला होता. आईच्या आठवणीची प्रार्थना दरवर्षी तिथे व्हायची. त्या वाक्यात माझी आई सुद्धा पुसली जात होती. मला राग आला. भीतीहून मोठा राग आयुष्यात मला पहिल्यांदा तिथे आला.

मी मराठीत सगळं वाचलं. शब्द न शब्द. त्या खोलीत आम्हा दोघांशिवाय कुणाला मराठी कळत नव्हतं, म्हणून मी सावकाश वाचलं. वाचून झाल्यावर म्हटलं, “पप्पा, हे खोटं आहे. हा म्हणतो की चिठ्ठी आहे, पण हे शपथेवर खोटं आहे.”

पप्पांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. खालचं लेथ तेवढ्यात थांबलं. त्यांनी मला हळूच विचारलं, “कधीही उपासना झाली नाही, असं लिहिलंय?”

“हो.”

“देवाला तोंडावर खोटं पाडायचं, आणि ते माझ्या सहीने.” हे ते मला नव्हे, स्वतःला म्हणाले. मग धनशेखरने पुढे केलेलं पेन त्यांनी घेतलं, टोपण लावलं आणि टेबलावर परत ठेवलं. त्यांच्या काउंटरवरच्या तमिळमध्ये सही करा आणि उद्या या एवढंच होतं. पण त्या शब्दांतूनच त्यांनी वाक्य जुळवलं. “कैयेळुत्तु पोड माट्टेन,” ते म्हणाले. सही करणार नाही. धनशेखर हसला. “सर, नीट विचार करा.” पप्पा उभे राहिले. “नाळेक्कुम् माट्टेन,” ते म्हणाले. उद्यासुद्धा नाही.

आम्ही जिना उतरलो आणि जवळजवळ धावत बसस्टॉपवर आलो. तिथे पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की तो कागद माझ्या हातातच आहे. मी काही शूरपणाने आणला नव्हता, घाबरून घट्ट धरला होता इतकंच. पप्पांनी तो बघितला, घडी घातली आणि माझ्या दप्तरात भूगोलाच्या पुस्तकात ठेवला. बसमध्ये जागा नव्हती. दांड्याला लोंबकळत ते मला म्हणाले, “भीती वाटली?” मी म्हटलं, “हो.” ते म्हणाले, “मलाही.” आणि इतके हसले की शेजारचा माणूस आमच्याकडे बघू लागला.

घरी आल्यावर पप्पांनी आत्याला सगळं सांगितलं. शाबासकी वगैरे तिला देता यायची नाही. उठून तिने त्यांच्यासाठी लसणाचा ठेचा केला, त्यांना आवडतो तसा, तव्यावरच रगडून.

पत्रे काढले ते पुढच्या शनिवारी. शाळेला सुट्टी होती. दुपारी मुनिअम्मा पळत आली, पदर खोचलेला, श्वास लागलेला. “सिस्टर अम्मा, लॉरी आली, पत्रे काढतायत!” आत्या तेव्हा केस धूत होती. तिने ओले केस तसेच गाठीत बांधले, बूट घातले आणि निघाली. मी तिच्या मागे. तिथे एक लॉरी उभी होती, सात-आठ मजूर होते आणि गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी. कडेचा एक पत्रा खाली आला होता. पाळक सेल्वम मजुरांच्या पाया पडायच्या बेतात होते. आत्याने त्यांचा दंड धरून त्यांना सरळ उभं केलं. “यांच्या पाया नाही पडायचं,” ती आपल्या मोडक्या तमिळमध्ये म्हणाली. “हे पोट भरायला आलेत. आणि त्या गाडीतल्याच्या तर नाहीच नाही.” मग ती सरळ आत गेली, मधल्या सतरंजीवर मांडी घालून बसली आणि गायला लागली.

मुकादम दारात आला. “अम्मा, एळुंदिरुंगो, उठा. पत्रा डोक्यात पडेल.”

“तुझं काम तू कर,” आत्या म्हणाली. “नीट कर, म्हणजे पडणार नाही. मी माझं करते.”

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. गाडीतून कुणीतरी ओरडलं तेव्हा पुन्हा वर चढले. एकेक पत्रा सरकायचा आणि उन्हाचा एकेक चौकोन आत पडायचा. आधी भिंतीवर, मग सतरंजीच्या काठावर, मग आत्याच्या मांडीवर. ती सरकली नाही. चैत्रातलं मद्रासचं ऊन, आणि तिचे ओले केस त्या उन्हात वाफाळल्यासारखे दिसत होते. आवाज मात्र वॉर्डातलाच. ती आमचं साधं मराठी भजन म्हणत होती, जे मी पहाटे पांघरुणात ऐकून ऐकून कंटाळले होते. मी दारात उभी होते. माझ्यामागे वस्तीतली माणसं जमली होती, वर्गातल्या दोन मुलीसुद्धा. मला अजून आठवतं, मी चपला काढल्या, आत गेले आणि तिच्या शेजारी बसले. आवाज फुटेना. दुसऱ्या कडव्याला फुटला. मग मुनिअम्मा येऊन बसली, पाळक बसले. शब्द त्यांना येत नव्हते, त्यांनी टाळ्यांनी साथ धरली. शेवटचा पत्रा निघाला तेव्हा आम्ही अकरा जण आत होतो आणि वर नुसतं आभाळ.

शनिवारी बँक अर्धा दिवस असे. पप्पा बसमधून उतरले, लोकांनी त्यांना सांगितलं आणि ते तसेच डब्याची पिशवी खांद्याला लावून आले. गाडीच्या बाजूने त्यांना यावं लागलं. काच खाली झाली. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. पण पप्पा थांबले नाहीत, एवढं मी पाहिलं. त्यांनी दोन्ही बाजूंना बघितलं नाही, काही नाही. आत येऊन ते आत्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. भिंत पाडायला पहारी घेऊन आलेले मजूर तेव्हा बाजूला उभे होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्या मजुराने पहार खाली ठेवली, कडुलिंबाखालच्या मडक्यातून तांब्याभर पाणी आणलं आणि आत्याला दिलं. “आत माणसं असताना भिंत पाडणार नाही,” असं त्याने मुकादमाला सांगितलं. आणि खरोखर नाही पाडली. पत्रे घेऊन लॉरी गेली. भिंती राहिल्या.

दुसऱ्या दिवशी उपासना त्याच जागी, त्याच वेळी झाली. माणसं छत्र्या घेऊन आली होती. काळ्या, फुलाफुलांच्या, एकाने तर प्लास्टिकचं पोतं डोक्यावर धरलेलं. आणि माझ्या आयुष्यात मी ज्याची कल्पना केली नव्हती ते घडलं. मागच्या भिंतीशी कावेरीबाई येऊन उभ्या राहिल्या, नऊवारी, हिऱ्याच्या कुड्या, हातात मोठी छत्री. पप्पा धावले. “बाई, तुम्ही? इथे?” त्या म्हणाल्या, “तो मनुष्य काल मजकडेही आला होता. ह्या ख्रिस्तांवांस घर सोडावयास सांगा म्हणाला. मी म्हटलें, घर माझें, भाडेकरी माझे, तूं कोण रे? देव तुमचा असो की माझा, त्याच्या डोईवरलें छप्पर काढणारा चांगला कसा?” प्रार्थनेत त्यांनी हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. दीड तास आत्याच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, “सिस्टरबाई, तुमचा पाळक फार वेळ बोलतो हो.”

कोर्टाचं प्रकरण चार वर्षं चाललं. पाळकांच्या ओळखीच्या एका वकीलबाईंनी ते घेतलं. त्या चार वर्षांत आम्ही पत्र्यांऐवजी लग्नाच्या मांडवाचं कापड बांधून बसलो. पावसाळ्यात ते फाटायचं, पुन्हा बांधायचो. पप्पांची बदली खरंच झाली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या आवडी नावाच्या उपनगरात, रोज पाच तासांचा प्रवास. ती कुणामुळे झाली, की व्हायचीच होती, हे आम्हाला कधी कळलं नाही. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. आमच्यात ‘साक्ष’ म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगणं. मी ती कधी दिली नव्हती, मला लाज वाटायची. माझी पहिली साक्ष झाली ती कोर्टाच्या पिंजऱ्यात. मी कॉलेजात होते तेव्हा. समोरचे वकील म्हणाले, ही मराठी मुलगी, तेव्हा शाळकरी पोर, तिला कायद्याचं तमिळ काय कळलं असणार? तिने वडिलांना चुकीचं सांगितलं. आणि त्यांनी आपल्याच फाइलमधला एक गच्च लिहिलेला कागद माझ्यापुढे धरला. “वाच बघू.” मी वाचला, न अडखळता, आणि मग साध्या भाषेत अर्थ सांगितला. शेवटच्या ओळीत टायपिंगची एक चूक होती, तीही दाखवली. कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी भूगोलाच्या पुस्तकातला आमचा कागद हातात घेतला आणि धनशेखरच्या वकिलांना विचारलं की जागेत कधीच कुणी जमत नव्हतं, तर तुमच्या अशिलाने पत्रे कुणाच्या डोक्यावरचे काढले?

त्यानंतरच्या आयुष्यात मी अशी माणसं पाहिली आहेत ज्यांनी आत्यापेक्षा जास्त प्रार्थना केली आणि ज्यांच्या हाती काही लागलं नाही. त्यामुळे देवाचं नाव घेतलं की निकाल आपल्या बाजूने लागतो असं मी कुणाला सांगत नाही. आत्याही सांगत नसे. तिची खात्री निकालावर नव्हतीच. माझ्या मते पप्पांनी पेनाला टोपण लावलं तेव्हाच ती लढाई संपली होती. बाकी सगळी तारखांची ये-जा. हे कुणाला भाबडं वाटलं तर वाटो. मी त्या खोलीत होते.

निकाल आमच्या बाजूने लागला. जागा उपासनेचीच, आणि काढलेलं छप्पर प्रतिवादीने स्वखर्चाने पुन्हा घालून द्यावं. बाहेर व्हरांड्यात पाळक रडत होते, मुनिअम्मा सगळ्यांना मिठ्या मारत होती. धनशेखर जिन्यापाशी उभा होता. चार वर्षांत तो बराच सुटला होता, केसही पांढरे झाले होते. तो आत्याजवळ आला आणि कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाला, “सिस्टर अम्मा, लोक म्हणतात तुम्ही मला शाप दिलात. खरं आहे?”

“शाप कशाला देऊ?” आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “रोज पहाटे तुझं नाव घेऊन प्रार्थना केली. तू हरावास म्हणून. हरलास. आता छप्पर शनिवारपर्यंत घालून दे. रविवारी आम्हाला ऊन लागतं.”

शुक्रवारी दुपारी लॉरी आली. नवे कोरे पत्रे होते. उतरवणाऱ्यांना आत्याने आधी चहा पाजला, आणि मग ते उतार चुकीच्या बाजूला धरताहेत म्हणून अंधार पडेपर्यंत त्यांच्या डोक्यावर उभी राहिली.